शंभर टक्के खरा रंग, जीएसटी वेगळा

सोलापुरात रंगावरून भांडायला फार मोठं कारण लागत नाही. फ्लेक्सवरचा भगवा जरा पिवळ्याकडे झुकला की तो या पक्षाचा वाटतो, जरा लालीकडे झुकला की त्या पक्षाचा, आणि मध्येच कुठं थांबला तर दोन्हीकडचे कार्यकर्ते दुकानात येतात. जयंतीच्या निळ्यात चिमूटभर लाली जास्त पडली की त्याचा जांभळा होतो. मग रात्री बारा वाजता मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार आणि त्यांच्या मागं बिनहुद्द्याचे पंधरा जण "निळा म्हटलं होतं ना बे?" असं विचारत शटरवर थापा मारतात. भंडाऱ्याचा पिवळा लिंबाकडे गेलेला चालत नाही. हिरवा पोपटी झालेला तर अजिबात चालत नाही. इतर गावांत रंग चुकला तर ती चूक असते. आपल्याकडे ती भूमिका असते.

या सगळ्यात मार खातं ते फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉवर डिझाइन करत बसलेलं विशीतलं पोरगं. साहेबांचा फोटो कापायचा, मागं सूर्य उगवायचा, खाली शुभेच्छुकांच्या चाळीस मुंड्या ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे लहानमोठ्या लावायच्या, आणि वर रंगाची जबाबदारीही त्याचीच. त्याचा बचाव ठरलेला: "स्क्रीनवर बरोबर होतं, मालक." तो खोटं बोलत नसतो. स्क्रीनवर खरंच बरोबर होतं. मग एक दिवस मालक वैतागतात आणि ठरवतात की आता खरा रंग दाखवणारा मॉनिटर आणायचा, होऊ दे खर्च. इथपर्यंतची गोष्ट समजण्यासारखी आहे. पुढची नाही, कारण पुढं दुकान येतं.

दुकानात शिरण्याआधी त्या जांभळ्या निळ्याचा निकाल लावून टाकू. मॉनिटर रंग करतो उजेडातून. लाल, हिरवे आणि निळे ठिपके कमीजास्त पेटवून. फ्लेक्सचं मशीन रंग करतं शाईतून. आकाशी, गुलाबी, पिवळी आणि काळी. म्हणजे मॉनिटरकडे निळा जन्मजात आहे आणि मशीनकडे तो नाहीच. मशीनला तो आकाशीत गुलाबी घालून करावा लागतो, आणि दोन्ही शाया सारख्या पडल्या की हाती येतो जांभळा. मुरलेला माणूस गुलाबीचा आकडा आकाशीपेक्षा तीसेकनं खाली ठेवतो आणि निवांत झोपतो. या एका आकड्यानं जितकी शटरं वाचलीत तितकी कुठल्याही मॉनिटरनं वाचवलेली नाहीत.

भगव्याचंही तेच. स्क्रीनवरचा भगवा स्वतः पेटलेला असतो. फ्लेक्सवरचा भगवा दिवसा सूर्याच्या आणि रात्री महापालिकेच्या दिव्याच्या भरवशावर. दिवा लागला तर. वाद घालता येणार नाही असा केशरी देशात एकच, तिरंग्यातला. भारतीय मानक ब्युरोच्या 'आयएस १' या मानकात तो आकड्यांत बांधून दिलाय आणि कापड मोजून पास की नापास ते ठरतं. बाकीचे भगवे मागणीप्रमाणे.

याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली. पोटापाण्यासाठी, उन्हात, चौरस फुटावर. नायिकेचा गाल हिरवट आला की निळसर, हे खाली उतरून, रस्ता ओलांडून, पलीकडून बघायचं. तेव्हाही गिऱ्हाईक कटकट करत असणार. पण "आमच्या मोबाइलवर वेगळं दिसतंय" हे वाक्य त्यांना ऐकावं लागलं नाही, आणि मला वाटतं भारतीय चित्रकलेवर हे थोर उपकार झाले.

तर दुकान. मॉनिटरच्या दुकानात ओळीनं मांडलेले सगळे पडदे एकाच जातीचा व्हिडिओ दाखवत असतात. त्यात ॲमेझॉनच्या जंगलातला लाल-निळा पोपट असतो, कापलेली स्ट्रॉबेरी असते आणि मध उगाचच सावकाश सांडत असतो. विक्रेता म्हणतो, "बघा सर, कलर!" आपण बघतो. पोपट भन्नाट दिसतो. तो खरा कसा दिसतो हे दुकानातल्या कुणीच पाहिलेलं नसल्यामुळं प्रत्येक मॉनिटरवर तो अचूकच असतो. त्याऐवजी तिथं शेंगाचटणीचा फोटो लावा म्हणावं. तिचा रंग सोलापूरकराच्या डोळ्यांत पक्का बसलाय. जरा गुलाबी दिसली की गिऱ्हाईक म्हणेल, "ही आपल्याकडची नाही." मॉनिटर पारखायचा तर ओळखीच्या रंगावर: माणसाची कातडी, आभाळ, गवत, आणि आपल्यापुरती चटणी. ज्याचा रंग तुम्हाला पाठ नाही त्याच्यावर बोली लावू नका.

मग खोक्यावरचे आकडे सुरू होतात. पहिला आकडा: १०० टक्के एसआरजीबी. ऐकून वाटतं, जगातले सगळे रंग आले. एसआरजीबी ही १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं आखलेली एक हद्द आहे, त्या काळच्या साध्या डबा मॉनिटरला झेपेल अशी. माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांच्या नकाशावर ती जेमतेम एक तृतीयांश जागा व्यापते. छपाईतली निव्वळ आकाशी शाईसुद्धा तिच्या बाहेर पडते. म्हणजे तुमच्या मशीनला येणारे काही मोरपंखी या शंभर टक्केवाल्याला येतच नाहीत. पण लबाडी म्हणाल तर इथं नाही. ती पुढं आहे. हद्द पुरी भरलीय एवढंच खोकं सांगतं. त्या हद्दीतला प्रत्येक रंग आपापल्या जागेवर आहे असं ते म्हणतच नाही. महापालिकेची हद्द वाढली म्हणून आतल्या प्रत्येक गल्लीत रोज पाणी येतं असं नसतं, हे निदान सोलापूरच्या हद्दवाढ भागातल्या माणसाला तरी उलगडून सांगावं लागू नये.

लॅपटॉपच्या खोक्यावर मधूनच ४५ टक्के एनटीएससी असं काहीतरी बारीक अक्षरात असतं. एनटीएससी हे अमेरिकन रंगीत टीव्हीचं १९५३ सालचं माप. ते अजून खोक्यांवर जिवंत आहे. या मापाचे ७२ टक्के म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी. ४५ म्हणजे लग्नातला शालू धुऊन वाळत घातल्यासारखा दिसणार. हिशेब करायला पोरगं आणि खप वाढवायला टक्के, असा हा धंदा आहे.

दुसरा आकडा: १०७ कोटी रंग. साध्या आठ बिटांच्या पडद्यावर १ कोटी ६७ लाख होतात, दहा बिटांवर १०७ कोटी. यातही मेख आहे. स्वस्तातला पडदा पुष्कळदा मुळात सहा बिटांचा असतो, म्हणजे त्याच्या पदरी जेमतेम २ लाख ६२ हजार रंग. मधल्या छटा तो शेजारच्या दोन छटा भराभर आलटूनपालटून दाखवून भासवतो. दहा बिटांच्या नावाखालीही आठ बिटांचा पडदा अशीच कसरत करत असतो. मतदारयादी फुगवायची कला फक्त राजकारण्यांकडे आहे असं समजू नका. तिसरा शब्द: एचडीआर, म्हणजे गडद काळोख आणि झगझगीत उजेड एकाच चित्रात दाखवायची सोय. स्वस्तातल्या मॉनिटरवर त्याचा अर्थ इतकाच, की असा सिग्नल आला तर मॉनिटर तो घेतो. घेतो आणि नेहमीसारखाच दाखवतो. तक्रार अर्जाची पोच मिळाल्यावर जे समाधान मिळतं, तेवढं इथंही मिळतं.

चौथा आकडा मात्र खरा कामाचा: डेल्टा ई. ठरलेला रंग आणि पडद्यावर प्रत्यक्ष आलेला रंग यांच्यातलं अंतर. एकच्या आसपास फरक डोळ्याला जेमतेम कळतो, दोनच्या आत असेल तर धंदा चालतो. म्हणून खोक्यावर 'डेल्टा ई दोनपेक्षा कमी' असं छापतात, आणि ती सरासरी असते हे छापत नाहीत. राखाड्या छटा सगळ्या जागेवर आणि एकटा लाल पाचनं घसरलेला, तरी सरासरी दोनच्या आत बसते. तुमचं सगळं काम त्या एकट्या लालात असेल तर त्या सरासरीचं काय करायचं? चांगल्या मॉनिटरबरोबर त्याच एका नगाचा तपासणीचा कागद येतो. तो मागा. विक्रेता "येतो सर, आत असेल" म्हणाला तर खोकं तिथंच उघडायला लावा.

हे अंतर मोजायची पट्टी कुणी केली, हेही ऐकण्यासारखं आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये राइट नावाच्या संशोधकानं दहा जणांना आणि गिल्ड नावाच्या दुसऱ्यानं सात जणांना अंधाऱ्या खोलीत बसवून रंग जुळवायला लावले. या सतरा जणांच्या डोळ्यांवरून एक प्रमाण माणूस तयार केला आणि १९३१ साली केंब्रिजमध्ये भरलेल्या प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाच्या बैठकीत तो मंजूर झाला. आजचा प्रत्येक मॉनिटर, प्रत्येक शाई, प्रत्येक शेड कार्ड शेवटी त्याच माणसाच्या डोळ्यांनी बघतं. सोलापूरकराला १९३१ हे साल वेगळ्याच कारणानं पाठ आहे. त्या वर्षी १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिली. साम्राज्य त्या वर्षी आपल्याला काय दिसायला हवं आणि काय नको, याचे दोन्हीकडून निर्णय घेत होतं. साम्राज्य गेलं. प्रमाण डोळा अजून कामावर आहे.

"मग इंपोर्टेडच घेऊ," असं मालक म्हणतात. बाहेरून आलेल्या वस्तूला रंग कळतो ही आपली जुनी श्रद्धा. प्रभात कंपनीनं १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत करायचा ठरवला, दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि रंगाचं काम जर्मनीत करून घेतलं. जर्मनी म्हणजे रसायनांचं माहेरघर. रंग मनासारखे उतरले नाहीत. नाव मोठं, प्रयोगशाळा मोठी, पण पाहणाऱ्याला काय दिसणार याची खात्री त्यांच्याकडेही नव्हती. आज तर मॉनिटरवर नाव कुठल्याही देशाचं असो, आतला पडदा बहुधा चीन, कोरिया किंवा तैवानचाच असतो.

आणि समजा सगळ्यांत खरा मॉनिटर आणला. तो ठेवणार कुठं? फ्लेक्सच्या दुकानाची भिंत पोपटी, समोरची गुलाबी, वर पांढरी ट्यूब, दारातून मे महिन्याचं ऊन आणि टेबलावर लाल कुंकवाचं गणपतीचं स्टिकर. डोळा बिचारा आजूबाजूच्या रंगाशी जुळवून घेतो. पोपटी भिंतीपुढं बसलेल्या माणसाला राखाडीसुद्धा गुलाबट वाटायला लागतो. मॉनिटर अचूक आणि बघणारा पोपटी. भिंतीला मळकट राखाडी रंग द्या, पडदा दारापासून आडवा फिरवा, ट्यूब डोक्यामागं नको. डिस्टेंपरचा एक डबा मॉनिटरपेक्षा स्वस्त पडतो. पण डिस्टेंपरवर 'प्रो' असं लिहिलेलं नसतं, त्यामुळं त्याचं कुणाला कौतुक नाही.

उजळपणाची गोष्ट तर त्याहून सोपी आणि त्याहून दुर्लक्षित. कारखान्यातून मॉनिटर पोपटाला शोभेल इतका झगझगीत होऊन येतो, अडीचशे-तीनशे निटच्या घरात (निट हे उजळपणाचं माप). छपाईच्या कामाला शंभर-सव्वाशे पुरेत. "आमचे फोटो छापून काळे येतात" ही लग्नाचे अल्बम करणाऱ्यांची तक्रार निम्म्या वेळा इथंच मिटते. फोटो काळा छापला जात नाही; मॉनिटर त्याला दिवाळी दाखवत असतो. पण उजळपणा कमी करा म्हटलं की मालकाला वाटतं, पैसे दिले त्यातले निम्मे परत काढून घेतले.

मग ते कॅलिब्रेटर नावाचं छोटं यंत्र. पडद्यावर ठेवायचं, ते एकेक रंग मोजतं आणि कुठं किती चुकतंय त्याची फाइल करून देतं. अर्धा तास मॉनिटर तापू द्यायचा, मग मोजायचं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचं, कारण पडदा वयाबरोबर बदलतो. मंडईतल्या तराजूला वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का लागतो आणि तो वेळोवेळी नवा करावा लागतो. लाखांची छपाई ज्याच्यावर बघून सोडतात त्या पडद्याला काही लागत नाही. तरी कॅलिब्रेटर कुणी घेत नाही. फोटोग्राफर मंडळींनी चारपाच जणांत मिळून एक घेतला तर खर्च काहीच नाही. पण मग शेजारच्याचाही मॉनिटर बरोबर होईल, ही भीती.

सगळ्यात मोठा मासा फसतो तो विस्तृत रंगांच्या मॉनिटरला. ॲडोब आरजीबी, पी-थ्री अशा मोठ्या हद्दींचा पडदा आणला आणि रंगांचा हिशेब न ठेवणारं साधं सॉफ्टवेअर त्यावर चालवलं, तर साधी फाइलही भडकते. नवरीच्या हातावरची हळद शेंदरी होते, साहेबांचा चेहरा दुपारी दोनच्या सात रस्त्यावर तासभर उभा केल्यासारखा लालबुंद. पोरगं बिचारं लाली कमी करतं. तीच फाइल छापायला जाते आणि साहेब कावीळ झाल्यासारखे बाहेर पडतात. महागड्या मॉनिटरनं अशी चूक केली की तिला चूक म्हणायचं धाडस कुणी करत नाही.

फ्लेक्सवाल्यांचं तरी एक बरं आहे. भांडण उजेड आणि शाई या दोघांतच. सोलापूरच्या पूर्व भागात चादरी-टॉवेलची डिझाइनं करणाऱ्यांचं दुखणं खोल आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकन रंग जुळवून देत नाही. चादरीवर रंग छापत नाहीत, विणतात. सूत आधीच रंगवलेलं असतं, आणि कुठला धागा कुठं वर यायचा ते मागावरचं जेकॉर्ड यंत्र ठरवतं. पूर्वी हे आलेखाच्या कागदावर चौकोन भरून व्हायचं, मग पुठ्ठ्यांना भोकं पाडून ते मागावर चढायचं. आता चौकोन पडद्यावर भरतात. मोर तोच, कोयरी तीच.

फक्त एक घोटाळा नवा आहे. मॉनिटरवर लाल आणि हिरवा उजेड एकत्र आला की पिवळा होतो. मागावर लाल ताणा आणि हिरवा बाणा एकत्र आला की लांबून दिसतो तो मळका तपकिरी. धागे उजेड वाढवत नाहीत, प्रत्येक जण आपला वाटा गिळून उरलेला परत देतो. कागदावर चौकोन भरणाऱ्या जुन्या कारागिराला हे माहीत होतं, कारण त्याच्या समोर रंगीत उजेड कधी नव्हताच. नव्या पोराला पडद्यावर सोनेरी झळाळी दिसते, तो नमुना मंजूर करून घेतो, आणि मागावरून चिखल उतरतो. १०७ कोटी रंग असून मागावर लागतात किती? डाइंगवाल्याच्या शेड कार्डावर असतील तेवढे, आणि त्यातले निम्मे "या आठवड्यात नाहीत, मालक."

त्यात परदेशी गिऱ्हाईक. त्याला रंग बघायला फोटो चालत नाही. त्याला आधी कापडाचा रंगवलेला तुकडा लागतो, लॅब डिप. तो तुकडा लाइट बॉक्स नावाच्या पेटीत धरायचा: एकदा दिवसाच्या उजेडासारख्या दिव्याखाली, एकदा त्यांच्या मॉलमधल्या ट्यूबखाली, एकदा जुन्या पिवळ्या बल्बखाली. कारण दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले धागे एका दिव्याखाली जुळे आणि दुसऱ्याखाली सावत्र दिसू शकतात. कंटेनर गेल्यावर हे समजलं तर तो टॉवेल सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत विकावा लागतो. मॉनिटर यातलं काहीच दाखवू शकत नाही, कितीही पैसे टाका. त्याच्याकडे धागा नाही, दुसरा दिवाही नाही. निर्यातवाल्यानं भारी मॉनिटर घेतला आणि लाइट बॉक्स पुढच्या वर्षावर ढकलला, की समजावं, ऑफिस पाहुण्यांना दाखवायला सजवलंय.

आणि ही परीक्षा काही परदेशातून आलेली नाही. चाटी गल्लीत साडी घेणारी बाई दुकानदाराच्या दहा दिव्यांखाली होकार देत नाही. ती पदर हातात धरून पायरीवर येते, उन्हात बघते, परत आत नेऊन बघते, मग ब्लाउजचा जुना तुकडा पर्समधून काढून शेजारी धरते. दोन दिवे, एक मूळ नमुना, डोळ्यासमोर तुलना. पाठ्यपुस्तकात आणखी काही नाही. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळण्याचं प्रमाण पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतं, हे विज्ञान सांगतं. तरी फ्लेक्सचा, चादरीचा, अल्बमचा रंग पास करायला कोण बसतं? पानाचा तोबरा भरलेले दोन काका.

पांढऱ्याचं तर विचारूच नका. सोपा वाटतो, म्हणून सगळ्यात जास्त तोच फसवतो. टॉवेल नुसता धुऊन पांढरा होत नाही. त्यात चकाकी आणणारं द्रव्य असतं, घरातल्या टिनोपालच्या जातीचं. ते सूर्यातले न दिसणारे अतिनील किरण घेतं आणि निळसर उजेड परत टाकतं, म्हणून उन्हात टॉवेल पांढऱ्याहून पांढरा दिसतो. खोलीत एलईडीच्या उजेडात अतिनील जवळपास नसतंच, तिथं तोच टॉवेल मरगळतो. मॉनिटरवर पांढरा एकच, एकदा ठरवून दिलेला. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत नंदीध्वजांमागं चालतात तेव्हा फोटोवाल्यांची खरी परीक्षा असते. अक्षता सोहळ्याला भर दुपारी बाराबंदी निळसर, संध्याकाळी होम मैदानावर पिवळट, आणि कुणाच्या तरी स्वागत कमानीखालून गेली की त्या कमानीच्या पक्षाची. घरी आल्यावर पोरगं सगळ्या फोटोंतला पांढरा एका बटणात एकसारखा करून टाकतं. माझ्या मते हा गुन्हा आहे. संध्याकाळची बाराबंदी थोडी पिवळी असायलाच हवी. संध्याकाळच तशी होती.

एवढं ऐकून मालक शेवटचा प्रश्न विचारतात, "मग घेऊ का नको?" घ्या की. फ्लेक्स आणि जाहिरातीच्या कामाला आयपीएस पडद्याचा, पूर्ण एसआरजीबीचा साधा मॉनिटर भरपूर झाला. एवढं बघा की एसआरजीबी मोड लावल्यावर उजळपणा कमीजास्त करता येतो, कारण पुष्कळ मॉनिटर तिथं कुलूप लावून बसतात. अल्बम आणि कलाछपाईवाल्यांनी ॲडोब आरजीबीच्या जवळ जाणारा आणि कॅलिब्रेशन आतच साठवणारा घ्यावा, परवडत असेल तर. मोबाइलवर बघायचे व्हिडिओ करणाऱ्यांना पी-थ्री. चादरवाल्यांनी मध्यम घ्यावा, राहिलेले पैसे लाइट बॉक्सला. गेमचा वक्र पडदा कुणीच घेऊ नये; त्यावर सरळ पट्टी वाकडी दिसते आणि पोरगं दुपारभर काम करत नाही.

पण मॉनिटर कितीही खरा आणला तरी शेवटचा निकाल त्याच्यावर लागत नाही. मंजुरी व्हॉट्सॲपवर होते. फाइल दाबून, चेपून गिऱ्हाइकाच्या फोनवर पोचते. फोनला तडा गेलेली काच, रात्रीचा पिवळा फिल्टर चालू, रंगांची सेटिंग 'झगझगीत'वर, आणि गिऱ्हाईक मोटरसायकलवर, उन्हात, एका डोळ्यानं बघतंय. तिथून निरोप येतो: "कलर वाढव." कुठला कलर, किती वाढव, कुणाच्या तुलनेत, हे विचारायची पद्धत नाही. शहाणे दुकानदार यावर एक उपाय करतात: त्याच मशीनवर, त्याच फ्लेक्सवर वीतभर पट्टी छापायची, गिऱ्हाइकाला रस्त्यावर उन्हात दाखवायची आणि मागं सही घ्यायची. कार्यकर्ता पट्टी आनंदानं बघतो. सही म्हटल्यावर त्याला दुसरीकडे काम आठवतं.

आणि समजा सही झाली, निळा निळा आला, भगवा जागेवर बसला. तरी एक फाइल उरतेच, साहेबांच्या चेहऱ्याची. तिथं कुणाला खरा रंग नकोच असतो. सोलापूरच्या उन्हात चाळीस वर्षं फिरलेला चेहरा, आणि खाली निरोप: "साहेब जरा फ्रेश कर बे." फ्रेश म्हणजे गोरा. नवरीच्या अल्बमला तेच, नवऱ्याच्या अल्बमला हल्ली तेच. अचूक मॉनिटर इथं एवढंच करतो की साहेब मूळ रंगापासून किती लांब गेले ते चोख दाखवतो. त्यांचा डेल्टा ई मोजायची हिंमत कुणात नाही.

म्हणून धंद्यात मुरलेल्या दुकानांत हल्ली पडदे दोन असतात. एक पोराच्या समोर, राखाडी भिंतीकडे, उजळपणा कमी केलेला, महिन्याला मोजलेला. त्याच्यावरून फाइल छापायला जाते. दुसरा भिंतीवर टांगलेला भलामोठा टीव्ही, 'झगझगीत'वर लावलेला, गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर. साहेब त्याच्यावर दिसतात. कार्यकर्ते मान मागं टाकून बघतात, एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, "हां! आत्ता कसं खरं वाटालंय." त्या टीव्हीला दुकानात कुणी मॉनिटर म्हणत नाही. त्याला म्हणतात मंजुरी.